रेवदंडा ते भोसरी आणि परत: जुन्या शिडाच्या बोटीचे बासष्ट दिवस

बोट २६ फुटी, फायबरची, १९७० च्या दशकातल्या घडणीची. रुंदी २.५ मीटर, पाण्याखाली १.२ मीटर, वजन अडीच टन; त्यातलं टनभर वजन तळाला बोल्टांनी जोडलेल्या बिडाच्या कीलचं. आत १० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, वर साडेनऊ मीटरची अॅल्युमिनियमची डोलकाठी. या वयाच्या बोटीत पाणी तीन ठिकाणी मुरलेलं असतं: बुडाच्या फायबरमध्ये, डेकच्या दोन पापुद्र्यांमधल्या लाकडात, आणि डेकमधून खाली जाणाऱ्या प्रत्येक स्टीलच्या पट्टीभोवती. हे पाणी निघाल्याशिवाय वरून केलेलं कुठलंही काम टिकत नाही, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत ते नीट निघत नाही. पुण्यात मार्गशीर्ष-पौषातली दुपारची हवा अनेकदा ४० टक्क्यांहून कमी दमट असते. शिवाय भोसरीत लेथ, शॉट ब्लास्टिंग, टिग वेल्डिंग, धातूतले तडे तपासणारे, सगळे हाकेच्या अंतरावर. म्हणून बोट घाट चढवून आणायची आणि दोन पौर्णिमांनी परत न्यायची, असा हा प्रवास.

पहिला दिवस: रेवदंडा, कार्तिकी पौर्णिमा

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीला पाऊणने गुणायचं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे उधाणाचं पाणी सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान धक्क्याला लागणार आणि हायड्रा क्रेनच्या हाताखाली बोट तेवढ्याच वेळात येणार. पाणी उतरू लागलं की क्रेनला हात लांब करावा लागतो. १४ टनी हायड्रा १४ टन उचलते ती बुंध्याशी. हात लांबला की क्षमता झपाट्याने उतरते. अडीच टनांच्या बोटीला एवढी मोठी क्रेन लागते ती यासाठी.

डोलकाठी सकाळीच उतरवली. आधी प्रत्येक टर्नबकलच्या (काठीची तार ताणायच्या आट्याच्या जोडाच्या) बाहेर दिसणारे आटे व्हर्नियरने मोजून लिहून ठेवायचे, कारण पुन्हा उभी करताना सुरुवात त्याच मापावर होते. क्रेनचा बेल्ट काठीच्या मध्यबिंदूच्या वर आणि आडव्या दांड्यांच्या खाली अडकवायचा, म्हणजे काठीचा बुंधा जड राहतो आणि ती उलटत नाही. तारा सोडताना मागची आणि पुढची सगळ्यांत शेवटी. काठीच्या आतून येणाऱ्या विजेच्या वायरी मात्र आधी सोडून, त्यांवर चिठ्ठ्या लावून घ्यायच्या. घाईत याच तुटतात.

बोट उचलायला दोन रुंद बेल्ट. पुढचा कीलच्या पुढे, मागचा कील आणि पंख्याच्या मध्ये. दोन्ही बेल्ट दोन्ही बाजूंना दोरीने एकमेकांना बांधले नाहीत तर पुढचा नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, उतारावरून सरकतो आणि बोट नाक खाली करून निसटते. वर आडवा लोखंडी दांडा बोटीच्या रुंदीपेक्षा लांब हवा. नाहीतर बेल्ट कडा आत दाबतात आणि डेकचा सांधा उकलतो.

बोट हवेत लटकलेली असतानाची पाच मिनिटं फार मोलाची. कीलचं टनभर वजन तेव्हा फक्त बोल्टांवर असतं, त्यामुळे कील आणि बुडाच्या सांध्यात फट असेल तर ती तेव्हाच उघडते. फटीचं माप घेणारी पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, सगळीकडून फिरवून पाहिली. पुढच्या २० सेंटिमीटरमध्ये गंजाचा ओघळ होता, पण गेज आत गेली नाही. गेली असती तर सगळे बोल्ट सोडून कील उतरवावी लागली असती.

खाली टेकताच बूड खरवडायला घेतलं. बुडाला चिकटलेल्या बार्नॅकल या समुद्री जिवांची खवलं ओली आहेत तोवर रुंद पत्र्याने सोलून निघतात. तासाभराने सिमेंट होतात. मागोमाग गोड्या पाण्याचा प्रेशर वॉश. ट्रेलरवर सगळं वजन कीलखालच्या दोन जाड लाकडी ओंडक्यांवर घेतलं. बाजूचे सहा टेकू बोट फक्त उभी धरतात, वजन घेत नाहीत. त्यांच्या गाद्या आतल्या आडव्या भिंतींच्या समोर आल्या पाहिजेत. मोकळ्या जागी लावल्या तर रस्त्यातल्या धक्क्यांनी बूड आत दबतं. समोरासमोरचे टेकू बोटीखालून साखळीने जोडायचे, म्हणजे ते बाहेर सरकत नाहीत.

दुसरा दिवस: रेवदंडा, वडखळ, बोरघाट, भोसरी

निघण्यापूर्वी पाण्याची टाकी रिकामी केली (१०० लिटर म्हणजे १०० किलो), डिझेल काढलं, नांगर आणि साखळी वेगळ्या गाडीत टाकली. ८ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सुमारे १.४ किलो, ३० मीटरची ४२ किलो होते, आणि नाळेत ठेवलेलं ४२ किलो घाटात पुढचे टेकू सैल करतं.

उंचीचा हिशेब: ट्रेलर ०.९, ओंडके ०.१, बोट केबिनच्या छपरापर्यंत २.७, वर आडवी ठेवलेली काठी ०.२. एकूण ३.९ मीटर. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधल्या रस्त्यावर विजेच्या आणि केबलच्या तारा याहून खाली लोंबतात. लांब कोरड्या बांबूला आडवी पट्टी ठोकून एक माणूस पुढे चालला पाहिजे. तो फक्त केबलच्या तारा उचलतो; विजेच्या तारेपाशी गाडी थांबवायची आणि महावितरणचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही.

अलिबाग, पोयनाड, वडखळ, पेण, खोपोली. पहिल्या २० किलोमीटरनंतर थांबून पट्टे आवळले, कारण बोट ओंडक्यांवर बसते आणि सगळे पट्टे सैल पडतात. बोरघाटाच्या पायथ्याशी पुन्हा. चढावर बोट मागे सरकू पाहते, म्हणून कीलच्या मागे ट्रेलरला आडवा लोखंडी अँगल बोल्टने बसवलेला असावा. नुसत्या पट्ट्यांवर घाट चढू नये. पट्टे डेकवरच्या कठड्याच्या खांबांना कधीच बांधायचे नाहीत. खांब वाकतात आणि त्यांच्या बुडाशी पाण्याला नवी वाट मिळते.

लोणावळ्यानंतर हवेतला बदल हाताला कळतो. निगडीहून भोसरीच्या शेडमध्ये शिरताना संध्याकाळचे सात.

तिसरा दिवस: ठोकून पाहणं

संपूर्ण डेक स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दर पाच सेंटिमीटरवर ठोकला. टणक आवाज आला तर आतलं लाकूड कोरडं आणि चिकटलेलं. भदभद आवाज आला तर पापुद्रा सुटलेला किंवा लाकूड कुजलेलं. खडूने हद्दी आखत गेलं की दुपारपर्यंत डेकवर नकाशा तयार होतो, आणि तो नकाशा नेहमी एकच गोष्ट सांगतो: प्रत्येक मऊ जागेच्या मध्यभागी एक बोल्ट असतो. इथेही तसंच. डाव्या बाजूला दोन खांबांभोवती बशीएवढी वर्तुळं आणि मुख्य तारेच्या पट्टीभोवती ४० बाय ६० सेंटिमीटरचा पट्टा. आतून ६ मिलिमीटरचं भोक पाडलं तर ड्रिलला तपकिरी ओला चोथा लागून आला. कारण बोल्टांभोवती भरलेलं जुनं सिलिकॉन. ते दोनेक वर्षांत धातूपासून सुटतं, पण वरून शाबूत दिसतं.

बुडाला पाण्याच्या रेषेखाली वाटाण्याएवढे फोड, ४०-५० तरी. एक फोडला, व्हिनेगरसारखा वास आणि बोटांना चिकट पाणी. पाणी जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, हळूहळू आत झिरपतं, काचतंतूंच्या मॅटमधल्या न जमलेल्या रसायनांना विरघळवतं, ते आम्लयुक्त द्रावण आणखी पाणी ओढून घेतं आणि दाबाने फोड येतो. वरून नुसती लांबी भरून रंग दिला तर पुढच्या हंगामात फोड शेजारी येतात.

कामाचा क्रम इथेच ठरवावा आणि मोडू नये: बोट बुडणार नाही, मग काठी पडणार नाही, मग इंजिन चालेल, मग दिवे लागतील. गाद्या, फ्रीज, नवा पडदा हे त्यानंतर. बहुतेक जुन्या बोटींवरचा पैसा नेमका उलट्या क्रमाने खर्च झालेला दिसतो, आणि त्या बोटींचं वाईट वाटतं.

चौथा दिवस: पेठा

पुण्याच्या पेठांत बोटीचं निम्मं सामान मिळतं. कुठलं निम्मं, हे मात्र कळलं पाहिजे.

बोहरी आळीतून ताडपत्री, पॉलिश पेपर, रोलर, हातमोजे, मास्क घ्यावेत. होज क्लिप तिथल्या चालतात, पण चुंबक नेऊन फक्त पट्टीला नाही तर स्क्रूलाही लावून बघायचं. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा माल सर्रास असतो आणि खाऱ्या पाण्यात तो स्क्रू एका पावसाळ्यात जातो. पितळी बॉल व्हॉल्व्ह मात्र पाण्याच्या रेषेखाली कधीही नाही. खारं पाणी पितळातलं जस्त खाऊन टाकतं. उरतो गुलाबी, सच्छिद्र तांब्याचा सांगाडा, जो हाताने मोडतो. बोटीतला जुना व्हॉल्व्ह चाकूने खरवडून पाहावा. पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर त्याच दिवशी बदलायचा. या बोटीतल्या तीनपैकी दोन गुलाबी निघाले. जागी ब्राँझचे किंवा काचतंतूयुक्त नायलॉनचे, प्रत्येक पाइपला दोन क्लिपा, आणि शेजारी, व्हॉल्व्ह तुटलाच तर भोकात ठोकायला, दोरीने बांधलेला निमुळता लाकडी खुंटा.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवर आयएस ७१० हा शिक्का असेल तरच मरीन प्लाय. आयएस ३०३ चा ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिला जाणारा प्लाय स्वयंपाकघराला चांगला, बोटीच्या भिंतीला नाही. तुकडा कापून कडेने बघावा. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर शिक्का काहीही असो, परत.

तपकीर गल्लीत हीट श्रिंक, फ्यूज, लग, क्रिम्पिंगचं पक्कड सगळं चांगलं मिळतं. फक्त वायर नाही. घरगुती तांब्याच्या तारेवर कथलाचा मुलामा नसतो, आणि खारी हवा आवरणाच्या आत केशिकेसारखी चढून तार अर्धा मीटर आतपर्यंत काळी करते. मुलामा दिलेली वायर मागवावीच लागते. नाना पेठेतून इंजिनाचे पट्टे, रबरी पाइप, गॅस्केटचा कागद.

बोल्टांभोवती पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप घेताना एक चाचणी: तुकडा हळूहळू ओढायचा. खरं ब्यूटाइल केसाएवढं बारीक होईपर्यंत ताणलं जातं. डांबरमिश्रित असेल तर मध्येच तुटतं.

पाचवा ते आठवा दिवस: जेलकोट

फोड असलेल्या पट्ट्यात जेलकोट ग्राइंडरने उतरवला. ४० नंबरची डिस्क, पूर्ण चेहऱ्याचा मास्क, अंगभर कपडे. फायबरची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही. त्यानंतर रोज दोनदा गरम गोड्या पाण्याने धुणं. हे वगळणारे खूप आहेत. आतलं आम्लयुक्त द्रावण हवेने वाळत नाही, ते पाण्यानेच धुऊन निघतं. न धुता नुसतं वाळवलेलं बूड महिनोन्‌महिने ओलं राहतं. चार दिवसांनी वास गेला. मग बोट तशीच सोडली, भोवती ताडपत्रीचा आडोसा आणि खालून वारा खेळता.

कील याच दिवसांत शॉट ब्लास्ट केली. उघडं बीड रेवदंड्याला तासाभरात लालसर होतं. इथल्या कोरड्या हवेत दुपारभर राखाडी राहतं. तरी वाट न बघता त्याच संध्याकाळी इपॉक्सीचा पहिला हात.

नववा दिवस: पट्ट्या आणि तडे

डोलकाठीच्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकतात त्या सहा पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट, काढल्या. संपूर्ण बोटीत सगळ्यांत कमी पाहिली जाणारी आणि सगळ्यांत जास्त जोखमीची वस्तू हीच. स्टेनलेस स्टील टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर जमणाऱ्या पापुद्र्याच्या जोरावर. डेकच्या फटीत, ओल्या लाकडाला टेकून, ऑक्सिजनविना राहिलेली दोन सेंटिमीटर लांबी आतून पोखरली जाते, आणि वरचा, खालचा भाग आरशासारखा चकचकीत राहतो.

तपासणीला भोसरीत डाय पेनिट्रंटची सोय सगळीकडे आहे. पट्टी क्लीनरने स्वच्छ करायची, लाल रंग फवारायचा, १० ते १५ मिनिटं थांबायचं. मग कापडाने पुसायचं. क्लीनर कापडावर घ्यायचा, पट्टीवर फवारायचा नाही. नाहीतर तड्यात शिरलेला रंगही धुऊन जातो. वरून पांढरा डेव्हलपर आणि पुन्हा १० मिनिटं. सहापैकी दोन पट्ट्यांवर डेकच्या पातळीला आडवी लाल रेघ उमटली, दोन्ही डाव्या बाजूच्या. डेक मऊ होता तो तिथेच. दोन तुटक्या आणि चार चांगल्या असं मानू नये; सहाही एकाच वयाच्या, एकाच ओलाव्यात राहिलेल्या. सगळ्या नव्या केल्या.

नवी पट्टी ३१६ एल जातीच्या स्टेनलेसची, ४० बाय ६ मिलिमीटर, ४५० मिलिमीटर लांब. पिनेचं भोक १० मिलिमीटर. हिशेब करून बघावा: भोकाशी उरलेली रुंदी ३०, जाडी ६, म्हणजे १८० चौरस मिलिमीटर, ३१६ एल वाकू लागण्याची मर्यादा चौरस मिलिमीटरला १७० न्यूटन, एकूण सुमारे ३०,६०० न्यूटन, तीन टनांच्या वर. ५ मिलिमीटरची तार सुमारे दोन टनांना तुटते. पट्टी तारेपेक्षा बळकट असलीच पाहिजे. भोकं ड्रिलने, पंचने नाही; पंच कडेला बारीक तडे सोडतो. कडा गोल करून आरसा पॉलिश, कारण खरखरीत पृष्ठभागावर खार साचतो. बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ असेल तर ३१६, ‘ए२’ असेल तर ३०४. चुंबकाने हा फरक कळत नाही. थंड वाकवलेलं ३०४ सुद्धा थोडं चिकटतं. दुकानदाराच्या शब्दावर न जाता, ३१६ मध्ये असणारं आणि ३०४ मध्ये नसणारं मॉलिब्डेनम ओळखणारी थेंबाची चाचणी करून घ्यावी.

तारा १×१९ विणीच्याच, म्हणजे १९ जाड धाग्यांचा एकच पीळ. पुण्यात सहज मिळणारी ७×१९ (१९ बारीक धाग्यांचे सात पीळ) लवचिक असते, ताणाखाली लांबते आणि काठी डुलू देते. जुन्या तारांवर कापूस फिरवला. खालच्या दाबलेल्या टोकाशी, जिथे पाणी साचतं तिथे, दोन ठिकाणी अडकला. म्हणजे एकेक धागा तुटलेला. मोजमाप तार ताणून, एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंत, टर्नबकल अर्धं उघडं धरून.

बारावा ते अठरावा दिवस: डेक

मोठ्या मऊ पट्ट्याची वरची कातडी पातळ ब्लेडने कापून अखंड उचलली, आतलं बाल्साचं हलकं लाकूड खरवडून काढलं, काही दिवस वाळू दिलं. नवा १२ मिलिमीटरचा गाभा जाड केलेल्या इपॉक्सीत बसवून वर वाळूच्या पिशव्या. कातडी परत ठेवून सांध्याला एकास बारा उतार दिला: कातडी ३ मिलिमीटर, तर उतार ३६ मिलिमीटर रुंद. एवढा रुंद केल्याशिवाय सांध्याला मूळ ताकद येत नाही.

खांबांच्या भोकांना सोपी पण नेटकी पद्धत आहे. बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर वरून १६ मिलिमीटरचं भोक पाडायचं, वरची कातडी आणि लाकूड कापायचं, खालची कातडी सोडायची. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून भोकाभोवतीचं लाकूड आणखी सेंटिमीटरभर कोरायचं, पोकळी इपॉक्सीने भरायची, आणि वाळल्यावर मधोमध ८ चं भोक. आता बोल्ट गळला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. भोकाच्या तोंडाला थोडी खोलगट कडा करून तिथे ब्यूटाइलची वळी, आणि बोल्ट तीन दिवस रोज थोडा थोडा आवळायचा. आवळताना वरचा बोल्ट स्थिर धरून खालचा नट फिरवायचा. बोल्ट फिरवला तर ब्यूटाइल पिळून निघतं.

रेझिन मिसळताना वजनकाट्याशिवाय अंदाज नको. हार्डनर जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही, कायमची मऊ राहते. ३०० ग्रॅम मिश्रण उभ्या मगात ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने धुमसतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं की वेळ मिळतो.

पंचविसावा दिवस: इंजिन

नोझल कॅलिब्रेट करून आणली, थंड पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर बदलला. जुन्या इंपेलरची दोन पाती तुटलेली होती, आणि ती तुटकी पाती सापडेपर्यंत काम संपत नाही. ती पुढे थर्मोस्टॅटपाशी अडकून इंजिन तापवतात. एक्झॉस्टच्या बाकात काजळी आणि मिठाने अर्धी वाट बुजलेली होती. इंजिन धूर सोडतं, आरपीएम गाठत नाही, तेव्हा पंपाला हात लावण्याआधी हे बाक काढून बघावं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी काळा शेवाळी थर आणि पाणी. टाकी धुऊन आधी १० आणि मग २ मायक्रॉनचा फिल्टर. पंख्याचा शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमध्ये पॅकिंगचे तीन वेढे, प्रत्येकाचा सांधा आधीच्यापासून १२० अंशांवर.

तेहेतिसावा दिवस: वायरिंग

बारा व्होल्टला प्रत्येक दशांश व्होल्ट महत्त्वाचा. तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा बिल्ज पंप ५ अँपिअर घेतो, बॅटरीपासून ६ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तार. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.४३ व्होल्ट गळतात, साडेतीन टक्क्यांच्या वर; ४ च्या तारेत ०.२७, सव्वादोन टक्के. ४ चीच घातली. बॅटरीजवळ, २० सेंटिमीटरच्या आत, मुख्य फ्यूज.

नांगर टाकल्यावर रात्रभर जळणारा काठीवरचा २५ वॉटचा जुना बल्ब बारा तासांत २५ अँपिअर-तास खातो. २ वॉटचा एलईडी दोन. हा एक दिवा बदलल्याने मोठ्या बॅटरीची गरजच कमी झाली. लिथियम बॅटरी घ्यायची तर इंजिनाच्या अल्टरनेटरला थेट जोडू नये. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच.

शिडाची शिवण याच सुमारास. खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे छात्र शिडं चालवतात, तेव्हा शिडाचं कापड पुण्याला परकं नाही. पण दुरुस्तीला तंबू-ताडपत्री शिवणाऱ्यांची जड मशीन पुरते. दोरा मात्र आपण द्यायचा, उन्हाला टिकणारा पॉलिएस्टर. अंगठ्याच्या नखाने जुनी शिवण खरवडली आणि दोरा तुटला, की कापड चांगलं असलं तरी सगळी शिवण पुन्हा.

सत्तेचाळिसावा ते एकावन्नावा दिवस: बूड बंद करणं

ओल उरली आहे का बघायला ३० सेंटिमीटरचा चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवला, आठ ठिकाणी. आतून एकही थेंब नाही. बूड वाळायला एकोणचाळीस दिवस लागले.

इपॉक्सीचं माप: पाण्याखालचं क्षेत्र सुमारे १८ चौरस मीटर, प्रत्येक हात १०० मायक्रॉन, म्हणजे १.८ लिटर, पाच हात, ९ लिटर, रोलरमध्ये वाया जाणारं धरून ११. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांपर्यंत उतरतात आणि तिथे इपॉक्सीचं वाळणं जवळपास थांबतं. म्हणून सकाळी दहाला बूड तापू लागल्यावर सुरुवात, शेवटचा हात दुपारी तीनच्या आत, रात्री ताडपत्रीच्या आत हॅलोजन. सकाळी पृष्ठभागावर मेणचट थर दिसला तर आधी पाणी आणि घासणीने धुवायचा. सँडिंगने तो फक्त पसरतो आणि पुढचा हात सुटतो. पाचवा हात बोटाचा ठसा उमटेल इतपत ओला असतानाच बार्नॅकल धरू न देणाऱ्या अँटिफाउलिंग रंगाचा पहिला हात द्यायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. दोन हातांना ४ लिटर, नाळेला आणि सुकाणूच्या कडेला तिसरा.

एकोणसाठावा आणि साठावा दिवस: परतीचा घाट, पौषी पौर्णिमा

उतरताना बोट पुढे सरकू पाहते, म्हणून अँगल या वेळी कीलच्या पुढे. रेवदंड्याला पुन्हा सव्वाअकराची भरती. पाण्यात टेकताच बेल्ट सोडायचे नाहीत. आधी आत उतरून तिन्ही व्हॉल्व्ह, ग्लँड आणि कीलचे बोल्ट हात फिरवून कोरडे आहेत का बघायचं. मग डोलकाठी, आट्यांच्या जुन्या मापावर.

एकसष्टावा दिवस: धक्क्याला

इंजिन आणि शाफ्टची रेषा जुळवायची ती बोट २४ तास पाण्यात राहिल्यावर. टेकूंवरचा आकार आणि पाण्यातला आकार एक नसतो. कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये चारी बाजूंनी फीलर गेज. १०० मिलिमीटरच्या तबकडीला ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक नको. ग्लँडमधून इंजिन चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब, बंद असताना एकही नाही. पूर्ण आवळून थेंब बंद केले तर पॅकिंग कोरडं घासून शाफ्टला खाच पाडतं.

बासष्टावा दिवस: कोर्लईच्या बाहेर

सकाळी मतलई वारा, दुपारी एकनंतर वायव्येचा. खाडीच्या तोंडाबाहेर, कोर्लईचा किल्ला मागे टाकून, बोट १५ अंश कलेपर्यंत शिडं ताणली. वाऱ्याखालच्या बाजूची तार हाताला जेमतेम सैल लागली पाहिजे. ढिली लोंबत होती. बाजू बदलून, दोन्हीकडे सारखे अर्धे-अर्धे फेरे देत चार वेळा जुळवल्या. नव्या तारा पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात, त्यामुळे हे आठवड्याने पुन्हा करायचं. शेवटी प्रत्येक टर्नबकलला स्प्लिट पिन आणि वर टेप.

संध्याकाळी नांगर. ओहोटीला ३ मीटर पाणी, भरतीचे आणखी ४, नाळेची उंची १. एकूण ८, पाचपट म्हणजे ४० मीटर. ३० मीटर साखळी आणि तिच्यामागे १० मीटर नायलॉनचा दोर. फक्त टाकतानाची खोली धरली असती तर रात्रीच्या भरतीला नांगर सुटला असता.

डेकच्या प्रत्येक बोल्टखाली आतून टिश्यू पेपर टेपने चिकटवला होता, एकूण ३४. वरून बादलीने पाणी मारून अर्ध्या तासाने पाहिले. तेहेतीस कोरडे. डाव्या बाजूच्या मागच्या खांबाखालचा एक ओला. त्याचा बोल्ट काढून ब्यूटाइल पुन्हा घालायचं आहे.